आधी हिशोब, मग कोटेशन : वाचकांचे धंद्याबद्दलचे प्रश्न

मागच्या अंकात गावातल्या धंद्याबद्दलचे प्रश्न पाठवा म्हटलं होतं, तर भरपूर आले. त्यातले सहा इथे घेतलेत. सगळी पत्रं वाचताना एक गोष्ट सारखी खटकत राहिली की बहुतेकांनी धंदा ठरवलाय, मशीनचं कोटेशन आणलंय, काहींनी बँकेत फाईल पण टाकलीय, आणि आता विचारून राहिले की करू की नको. हा प्रश्न कोटेशनच्या आधी पडायला पाहिजे. प्लॅनिंग म्हटलं की आपल्याला ते मोठ्या कंपन्यांचं काम वाटतं, पण कंपनीचे दहा लाख बुडाले तर ती पुढच्या वर्षी भरून काढते, आपल्याकडे दोन लाख बुडाले तर पोरीचं शिक्षण थांबते, म्हणून आपल्यालाच ते जास्त लागते. उत्तरांमधले भाव मी हिशोबापुरते धरलेत, तुमच्या बाजाराप्रमाणे बदलून घ्या. नावं मुद्दाम छापली नाहीत.

प्रश्न : आम्ही दहा जणी बचत गटात आहो, वर्धा जिल्ह्यात. तूर डाळीची मिनी मिल टाकायची आहे. तालुक्याला एक जण प्रोजेक्ट रिपोर्ट करून देतो, तो म्हणतो पस्तीस टक्के सबसिडी आहे, मशीन अन् शेड मिळून सहा लाखाचं काम आहे. रिपोर्टमध्ये नफा चांगला दाखवला आहे. सह्या करायच्या का?

ताई, सह्या थोड्या थांबवा. मिल टाकू नका असं मी म्हणत नाही. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं तयार केलेली मिनी डाळ मिल विदर्भात बऱ्याच जणांनी घेतलीय, तंत्र काही अवघड नाही, तूर तुमच्या शिवारातच पिकते. पण तो रिपोर्ट बँकेसाठी आहे. त्यात मिल वर्षातले तीनशे दिवस चालते, सगळी डाळ विकली जाते, भाव वर्षभर एकच राहतो. बँकेला तो कागद लागतो म्हणून तो करायचाच, पण तुम्ही दहा जणींनी निर्णय त्याच्यावर घ्यायचा नाही, त्यासाठी वेगळी वही लागते आणि ती तुम्हीच लिहायची.

पहिलं पान महिन्यांचं करा. तूर घरात येते जानेवारी-फेब्रुवारीत. डाळ करायची म्हणजे तूर साफ करा, चाळा, मशीनमधून एकदा काढून टरफलाला ओरखडे पाडा, तेल-पाणी लावा, मग उन्हात चांगली वाळवा, मग पुन्हा मशीन. आता हे वाळवणं उन्हावर आहे. फेब्रुवारी ते मे ऊन भरपूर, जूनपासून ढगाळ, मग ड्रायर नसेल तर काम बंदच म्हणा. म्हणजे मिल खरी चालते चार महिने, त्यात हरभरा मिळाला तर थोडा भर, पुढे मूग-उडीद आला तर अजून थोडा. आणि बँकेचा हप्ता बारा महिने. शिवाय वीज विचारा, शेड गावठाणाच्या लाईनवर आहे की शेतीच्या फीडरवर, कारण शेतीच्या फीडरवर थ्री फेज ठरलेल्या तासांनाच आणि कधी रात्रीची, मग बाया रात्री बारा वाजता डाळ भरडायला येणार का?

दुसरं पान एका क्विंटलचं. समजा तूर ७,००० रुपयांनी घेतली. शंभर किलोतून सत्तरच्या आसपास किलो डाळ धरा, बाकी चुनी, टरफल, खंडा. डाळ ११० रुपये किलोनं गेली तर ७,७००, चुनी-टरफलाचे ५०० धरा, झाले ८,२००. तुरीचे ७,००० गेले, मजुरी, वीज, तेल, पोते, पॅकिंग, गाडीभाडं मिळून ६५० धरले, तर हातात ५५० राहतात. बरं वाटते. आता डाळ १०५ नं विका, राहतात २००. आणि १०० नं विकावी लागली तर १५० रुपये तुमच्याच घरचे गेले. किलोमागे दहा रुपयाच्या फरकात सगळा नफा जाऊन तोटा येतो, आणि तुरीत दहा रुपये म्हणजे काहीच नाही. २०१५ मध्ये डाळ दुकानात दोनशेच्या वर गेली होती आठवते ना, मग सगळ्यांनी तूर पेरली आणि २०१६-१७ च्या हंगामात हमीभाव ५,०५० असताना बाजारात त्याच्या कितीतरी खाली गेली, खरेदी केंद्रावर कास्तकारांच्या रांगा लागल्या. वरून म्यानमार, मोझांबिक, टांझानियातून तूर येते ती वेगळी. तुमच्या गावच्या मिलचा भाव तिकडच्या जहाजावर पण ठरतो, तर एकाच भावावर लिहिलेला रिपोर्ट कसा चालेल?

तिसरं पान सगळ्यात महत्त्वाचं आणि तेच कोणी लिहीत नाही. शंभर क्विंटल तूर भरायची म्हटलं तर सात लाख लागतात, म्हणजे मशीन-शेडपेक्षा तुरीलाच पैसा जास्त. तो कुठून? प्रक्रिया उद्योगाच्या केंद्राच्या योजनेत, पीएमएफएमई म्हणतात ती, बचत गटाच्या प्रत्येक सदस्याला खेळत्या भांडवलासाठी आणि छोट्या अवजारांसाठी ४०,००० पर्यंत बीज भांडवल आहे, पण ते बचत गटांच्या संघामार्फत कर्जासारखं मिळते, परत करायचं असते. आणि पस्तीस टक्के सबसिडी म्हणजे तुमच्या सहा लाखावर दोन लाख दहा हजार, ती हातात येत नाही बरं. ती बँकेत वेगळी ठेवतात, कर्जाचा शेवटचा हप्ता उचलल्यापासून तीन वर्षं खातं नियमित राहिलं आणि युनिट चालू असलं तर कर्जात वळती होते. तोवर दहा टक्के तुमचे स्वतःचे, बाकीचं कर्ज. ज्यानं तुम्हाला सबसिडी सांगितली त्यानं हे तीन वर्षाचं सांगितलं का? योजना सध्या चालू आहे का आणि तुमच्या गटाला कोणत्या अटी लागतात हे जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात स्वतः जाऊन विचारा, दोघी-तिघी जा, एजंटला नेऊ नका.

आता निवड. तुमच्यापुढे दोन रस्ते आहेत आणि दोन्हीवर एकदम चालता येत नाही. एक, लोकांची तूर मजुरीवर भरडून द्यायची. कास्तकार स्वतःची वर्षाची डाळ करायला येईल, क्विंटलमागे मजुरी घ्या, चुनी कोणाची हे आधीच ठरवा. यात तुरीत पैसा अडकत नाही, भाव पडला तरी तुमचं काही जात नाही, पण कमाई मर्यादित. दोन, स्वतःची तूर घेऊन स्वतःच्या नावानं डाळ विकायची. यात पैसा जास्त, जोखीम जास्त, आणि अकोल्याच्या मोठ्या मिलांशी भावात बरोबरी तुम्ही करूच शकणार नाही, त्या रोज जेवढं काढतात तेवढं तुम्ही हंगामात काढाल. तुमचं गिऱ्हाईक वेगळं आहे, वर्ध्यात-नागपुरात राहणारं पण गावाशी नातं असलेलं घर, ज्याला बिनपॉलिशची डाळ वर्षाची एकदम भरायची असते.

माझं मत विचाराल तर पहिले दोन हंगाम फक्त मजुरीचं काम. आणि त्याच काळात पन्नास घरांची यादी करा, नाव, किती किलो, कोणत्या महिन्यात. नुसतं घेऊ म्हणणारे लिहू नका, थोडा का होईना ॲडव्हान्स देणारेच लिहा. पन्नास झाली तर तिसऱ्या वर्षी तेवढ्याच घरांपुरती तूर भरा. किराणा दुकानात उधारीवर डाळ ठेवणं पूर्ण टाळा, मागितली तरी नाही म्हणा. मजुरीच्या कामाला सहा लाखाचं शेड लागते का हे पण मग विचारावं लागेल, बहुतेक लागत नाही. आणि गटाच्या वहीत आजच लिहून सह्या करा की दोन हंगामात अमुक क्विंटलचं काम आलं नाही तर मशीन विकायचं आणि उरलेलं कर्ज असं असं फेडायचं. हे आज भांडण नसताना ठरते, नंतर ठरत नाही.

प्रश्न : मी मेहकर तालुक्यातला. समृद्धी महामार्ग आमच्या वावराच्या धुऱ्याजवळून गेला. रात्रंदिवस गाड्या चालू राहतात. एक एकर विकून त्या पैशात उरलेल्या जागेवर मोठा ढाबा टाकावा असा विचार आहे. घरचे म्हणतात नोकरी पाहा. काय करू?

भाऊ, आधी वावर विकायचं बोलणं बंद करा, बाकीचं नंतर बोलू.

समृद्धी हा ७०१ किलोमीटरचा रस्ता, नागपूर ते शिर्डी ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये पूर्ण उघडला. त्याच्या दोन्ही बाजूनं कुंपण आहे. गाडी चढते-उतरते फक्त इंटरचेंजवर. तुमच्या धुऱ्यावरून दिवसाला हजारो गाड्या गेल्या तरी त्यातल्या एकाला पण तुमच्या ढाब्यावर थांबता येत नाही, त्याला तुमचा बोर्ड दिसेल आणि तो निघून जाईल. गाड्या दिसतात म्हणजे गिऱ्हाईक आहे असं होत नाही, गिऱ्हाईकाला तुमच्यापर्यंत येता आलं पाहिजे. निर्णय घ्यायच्या आधी विचारायचा प्रश्न एवढाच आहे की माझ्या जागेवर कोण, कशासाठी आणि कुठून येणार.

आणि उलट बाजू पण पाहा. आधी लांबच्या गाड्या मेहकर, कारंजावरून जुन्या रस्त्यानं जायच्या, त्यातल्या बऱ्याच आता समृद्धीवरून जातात. म्हणजे जुन्या रस्त्यावरच्या ढाब्यांचा धंदा कमी झाला असेल तर तुमच्या नव्या ढाब्याला त्याच उरलेल्या गिऱ्हाईकात वाटा घ्यावा लागेल. त्या ढाबेवाल्यांकडे जाऊन बसा, चहा घ्या, विचारा, खरं सांगतात लोक.

जागा पाहायचीच असेल तर इंटरचेंजपासून गावाकडे-तालुक्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर पाहा, आणि विकत घेऊ नका, भाड्यानं. पण त्याच्याही आधी तिथे उभं राहून मोजा. सकाळी, दुपारी, रात्री, बाजाराच्या दिवशी आणि साध्या दिवशी, ट्रक किती, कार किती, त्यातल्या थांबण्यासारख्या किती. याला काही खर्च नाही, नुसता वेळ जातो. मग तिथे टिनाचं शेड टाकून चहा-नाश्त्यानं सुरू करा. सहा महिने रोजचा गल्ला लिहा. तो गल्ला वाढत असेल तर पुढे जेवण, नसेल तर टिन काढून घरी आणता येते. ढाबा बांधकामाचा झाला की काढून आणता येत नाही. आणि घरचे नोकरी म्हणतात त्यांना हे सहा महिने मागून घ्या, तारीख सांगून मागा, तारखेला हिशोब दाखवा.

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यात माझं किराणा दुकान आहे, बायको पण बसते. गावात उधारी चार लाखाच्या वर गेली. कापूस विकला की देतो म्हणतात. उधारी एकदम बंद करायची का? शेजारच्या गावात मोठं दुकान झालं, ते रोखीनं देते अन् स्वस्त देते.

एकदम बंद करू नका. उधारी हेच तर तुमचं त्या मोठ्या दुकानापेक्षा वेगळेपण आहे, भावात तुम्ही त्याला हरवणार नाही, आणि उधारी बंद केली की मग तुमच्याकडे यायला कारण उरते कुठलं. पण आज तुम्ही उधारी देत नाही आहात, ती होऊन राहिली आहे, यात फरक आहे.

तुमच्या गावात पैसा कधी येतो ते लिहा. सोयाबीन दिवाळीच्या आसपास, कापूस नोव्हेंबरपासून संक्रांतीपर्यंत थोडा थोडा, तूर-हरभरा फेब्रुवारी-मार्चमध्ये. जून ते सप्टेंबर गावात पैसा नसतो, असलेला बी-खतात जातो. म्हणजे तुमची उधारी पावसाळ्यात वाढणार आणि हिवाळ्यात उतरणार, हे दरवर्षीचं आहे, याचा त्रास करून घेऊ नका. त्रास याचा करा की मार्च संपला तरी कोणाची उधारी उतरली नाही. ज्यांची मार्चअखेर शून्य झाली ती घरं वेगळ्या पानावर, त्यांना पुढच्या पावसाळ्यात मनमोकळी उधारी, पण घरटी एक आकडा ठरवून, समजा आठ हजार, त्याच्या वर नाही. ज्यांची अर्धी उतरली त्यांना चार हजार. ज्यांची काहीच उतरली नाही त्यांना मीठ-तेल-पीठ रोखीनं, आणि जुनं हप्त्यानं. हे बोलायला जड जाते, गाव आहे, नातं आहे, मला समजते. म्हणून आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि सगळ्यांना तोच नियम दाखवा. दाजीला एक आणि शेजाऱ्याला दुसरा केला की नियम संपला.

आणखी एक, ठोकवाल्याकडे तुम्ही पण उधारीवर घेता ना? त्याला विचारा रोख दिले तर किती सोडतो. समजा दोन टक्के सोडतो आणि उधारी महिन्याची आहे, तर तुम्ही महिन्याला दोन टक्के व्याज देऊन राहिले, वर्षाचे चोवीस. म्हणजे संक्रांतीच्या वेळी जो पैसा जमा होतो त्यातून आधी ठोकवाल्याची उधारी संपवा आणि पुढे माल रोखीनं उचला, मोठ्या दुकानाच्या भावाच्या जरा जवळ तरी तुम्ही त्यातूनच जाल. मुलीच्या लग्नाला किंवा घराच्या स्लॅबला तो पैसा काढू नका, दोन वर्षं तरी. बाई दुकानात बसतात असं तुम्ही लिहिलंय, तर हे आकडे ठरवताना त्या सोबत बसल्याच पाहिजेत, कोण खरंच अडचणीत आहे आणि कोण टाळून राहिलं हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत असते.

प्रश्न : मी पाच एकराचा कास्तकार हाओ. तुमी दर अंकात प्लॅनिंग प्लॅनिंग म्हन्ता. पानी आला तं पीक, नाई आला तं नाई. भाव सरकारच्या हातात. मंग प्लॅनिंग करून मले काय भेटनार?

काकाजी, तुमचा राग खरा आहे. २०२१ मध्ये सोयाबीन दहा हजाराच्या घरात गेलं, २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ आणि बाजारात त्याच्या पण खाली, यात कास्तकाराची काय चूक? काहीच नाही. पाऊस आणि भाव तुमच्या हातात नाही हे मान्य करूनच वही उघडायची असते. ज्याच्या हातात सगळं आहे त्याला प्लॅनिंग नसलं तरी चालते.

पण एक आठवा. २०२१-२२ ला कापूस दहा हजाराच्या वर गेला, मग पुढच्या हंगामात गावोगावी लोकांनी कापूस घरात भरून ठेवला, यंदा पण जाईल म्हणून. सुरुवातीला बरा भाव होता तेव्हा विकला नाही, उन्हाळ्यात पडला तेव्हा विकावा लागला, वरून कापसाच्या धुळीनं घरात खाज आणि आगीची भीती. इथे भाव तुमच्या हातात नव्हता, पण कधी किती विकायचा हे तर होतं ना? आधीच ठरवलं असतं की कापूस आला की एक तिहाई लगेच विकून कर्ज आणि उधारी मोकळी, एक तिहाई संक्रांतीला काही झालं तरी, आणि उरलेला तिसरा हिस्साच भावाची वाट पाहायला, तर भाव पडला तरी एकाच हिश्शाला मार बसला असता. पंधरा ऑगस्टच्या आसपास, पराटी वावरात उभी असतानाच हे घरात बसून ठरवा, कारण कापूस घरात आल्यावर आणि शेजारी म्हणायला लागल्यावर की थांब अजून वाढते, तेव्हा डोकं थंड राहत नाही. बाकी पाच एकरात काय पेरायचं ते तुम्ही मला शिकवाल.

प्रश्न : वरूडजवळ आमची संत्र्याची बाग आहे, आंबिया बहार घेतो. बांगलादेशची मागणी कमी झाल्यापासून व्यापारी भाव पाडून मागतात. आम्ही सात-आठ बागायतदार मिळून ज्यूसचा प्लांट टाकावा म्हणतो. एक कन्सल्टंट भेटला आहे.

ज्यूसच्या आधी एक तांत्रिक गोष्ट विचारा त्या कन्सल्टंटला. नागपुरी संत्र्याचा रस काढला तेव्हा गोड लागतो आणि ठेवला की कडू होतो, लिमोनिन नावाचं द्रव्य त्यात तयार होतं त्यामुळे. वरून बिया जास्त. सोलायला सोपं आणि खायला मस्त म्हणून आपलं संत्रं नावाजलेलं आहे, २०१४ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, पण खायचं फळ चांगलं म्हणजे रसाचं फळ चांगलं असं होत नाही. कडूपणा कसा घालवणार, त्याचं मशीन कितीचं, तो खर्च रिपोर्टमध्ये धरलाय का? उत्तर गोलगोल आलं तर तिथेच थांबा. नागपूरला केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, आठही जण तिथे जाऊन विचारून या, पैसे द्यायच्या आधी.

आता मोठा मुद्दा. तुमची अडचण ज्यूस नसल्याची नाही, एकाच गिऱ्हाईकावर अवलंबून राहिल्याची आहे. बांगलादेशनं आयात शुल्क वाढवत नेलं आणि इकडे वरूड-मोर्शीत भाव पडला, ते शुल्क ठरवताना तुम्हाला कोणी विचारलं नव्हतं आणि पुढे पण विचारणार नाही. अशा वेळेला काय करतात याचं एक जुनं उदाहरण आहे. शेल नावाची तेल कंपनी, तिच्यात पियर वॅक नावाचा माणूस आणि त्याचे सोबती १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बसून पुढे काय काय होऊ शकते याची दोन-तीन चित्रं मांडत होते, आणि त्यातलं एक चित्र असं होतं की तेलवाले देश एकत्र येऊन भाव एकदम वाढवतील. बाकी बऱ्याच जणांना तेल स्वस्तच राहणार वाटत होतं. १९७३ च्या ऑक्टोबरपासून अरब देशांनी तेल आवळलं, काही महिन्यांत भाव जवळपास चौपट झाला, आणि शेलचे लोक त्या धक्क्याला बाकीच्यांपेक्षा जास्त तयार होते. कधी होईल हे त्यांनी सांगितलं नव्हतं. झालं तर आपण काय करू याचा विचार आधी करून ठेवला होता एवढंच.

तुम्ही आठ जणांनी पण अशी तीन चित्रं मांडा. एक, बांगलादेशचं शुल्क असंच राहिलं. दोन, कमी झालं आणि मागणी परत आली. तीन, तो बाजार पूर्ण बंद, आणि त्याच वर्षी फळगळ पण झाली. आता प्रत्येक बेत तिन्ही चित्रांवर ठेवून पाहा. ज्यूस प्लांट दुसऱ्या चित्रात मरतो, कारण भाव चढला की तुम्ही स्वतःच चांगलं फळ प्लांटला देणार नाही, व्यापाऱ्याला द्याल. तिसऱ्या चित्रात पण मरतो, फळच नाही तर काय पिळणार. एकाच चित्रात चालणाऱ्या धंद्यासाठी आठ घरांनी जमीन गहाण ठेवावी का?

उलट ग्रेडिंग आणि मेणाचं कोटिंग करून क्रेटमध्ये माल भरायचा, आणि झाडावरच बाग देण्याऐवजी आठ जणांनी मिळून दोन-तीन शहरांत थेट व्यापारी धरायचे, हे तिन्ही चित्रांत थोडंफार तरी चालते. पैसा कमी लागतो. आधी भाड्याच्या सेंटरवर करून घ्या, मशीन नंतर. पहिल्या वर्षी सगळा माल असा काढू नका, बागेचा चौथा हिस्सा, म्हणजे फसलं तरी घर चालते. आणि वरूडकडे पाणी किती खोल गेलंय हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही, दहा वर्षांनी बाग किती राहील आणि बोअर किती देईल हा आकडा तुमच्या कागदावर सगळ्यात आधी पाहिजे, कारण प्लांटचं कर्ज सात वर्षाचं असते आणि त्याला फळ सातही वर्षं लागते. हे बागायतदारांच्या बैठकांत फार कमी बोललं जाते आणि मला त्याची खरंच काळजी वाटते.

प्रश्न : आम्ही दोघं भाऊ, भंडारा जिल्हा. फायनान्सवर जेसीबी घ्यायचा आहे. महिन्याचा हप्ता पंचावन्न हजार पडतो. काम भरपूर आहे म्हणतात. घ्यावा का?

कोण म्हणते भरपूर आहे, विकणारा का? तुमच्या धानाच्या पट्ट्यात पावसाळ्यात जून ते सप्टेंबर खोदाकाम जवळपास बंद. म्हणजे आठ महिन्यात बारा हप्ते कमवायचे, पंचावन्नाचा हप्ता खरा ब्याऐंशी हजाराच्या वर पडतो, त्यात ऑपरेटरचा पगार, डिझेल, टायर, दुरुस्ती, विमा वेगळा. सरकारी कामाचं बिल किती महिन्यांनी निघते ते ठेकेदारांना विचारा, कारण हप्ता बिलाची वाट पाहत नाही. फायनान्सवाल्याला पावसाळ्यात कमी आणि हंगामात जास्त अशी हप्त्याची रचना देतो का विचारा, लेखी घ्या. दोघा भावांत कोण गाडीवर आणि कोण वसुलीवर, आणि एकाला बाहेर पडायचं झालं तर गाडी कोणाची, हे पण आताच लिहा.

आणि या आठवड्यात आजूबाजूच्या पाच-सहा गावांत किती जेसीबी आहेत ते मोजा, प्रत्येक मालकाला भेटा, मागच्या पावसाळ्यात हप्ता कुठून भरला एवढं एकच विचारा. त्यातले दोन-तीन जण गाडी विकायला निघाले असले तर नव्याचं कोटेशन बाजूला ठेवा आणि गाडी अजून ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडून आधी तासाच्या भाड्यानं एक हंगाम काम करून पाहा.